धुतलेलं स्टेशन

मुलीला मराठी यावं म्हणून मी तिला चार वर्षं शनिवारच्या मराठी शाळेत नेलं. तिला मराठी जेमतेम आलं. मला मात्र जर्मन रेल्वे स्टेशनं बांधता येऊ लागली.

शाळा वेस्ट विंडसरमधल्या एका चर्चच्या वरच्या मजल्यावर भरायची. मुलं आत बाराखडी घोकायची आणि आम्ही पालक बाहेर ग्रीन कार्ड, घरावरचा टॅक्स आणि कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली हे तीन विषय आलटून पालटून बोलायचो. तिसऱ्या शनिवारी मी बाथरूम शोधत बेसमेंटमध्ये उतरले. तिथे सात म्हातारे एका खोलीभर पसरलेल्या टेबलाभोवती उभे होते आणि टेबलावरून वाफेचं एक इंजिन सहा डबे ओढत द्राक्षाच्या मळ्यांतून चाललं होतं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला ती खोली ताबडतोब आवडली.

हे सातही जण तरुणपणी अमेरिकन सैन्यात असताना जर्मनीत राहून आलेले. तिथल्या गाड्या डोक्यात घेऊन परतले आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या तळघरात एक नदी, तिच्या काठची रेल्वेलाइन आणि त्या लाइनीवरची गावं उभी करत बसले. सगळं खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान. म्हणजे माणूस साधारण दोन सेंटिमीटरचा. आपण दिवाळीत किल्ला करतो तेव्हा महाराज दरवाज्याहून उंच असतात, तोफेपेक्षा कोंबडी मोठी असते आणि कोणाचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं. एका सभासदाने प्लॅटफॉर्मवर ठेवलेला बाक एका कागदाच्या जाडीने उंच निघाला म्हणून परत पाठवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

बाक परत पाठवणारे गृहस्थ म्हणजे क्लबाचे परीक्षक. वय ऐंशीच्या आसपास, शरीर फुटपट्टीसारखं, कपाळावर कायम भिंग चढवलेलं. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले होते. त्यांचा नियम एकच: मॉडेलमध्ये जे जे दिसेल त्याचा पुरावा फोटोत दाखवा, नाहीतर काढून टाका. बाकी लोक त्यांना वैतागायचे. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीत काम करते. 'कागदावर नाही म्हणजे घडलंच नाही' हे वाक्य मी दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवते. मला ते पहिल्या दिवसापासून पटले.

मुलगी शाळेतून सुटली, पुढे कॉलेजलाही गेली. मी शनिवारी बेसमेंटमध्ये जातच राहिले, पण पाहुणी म्हणून. पाहुण्यांना फक्त शनिवारी दहा ते एक. सभासद झालं की किल्ली मिळते. किल्ली मिळाली की हवं तेव्हा या, मोठं टेबल वापरा, रंगाची फवारणी करायची पेटी वापरा. मला ती किल्ली हवी होती. सभासदत्वाचा मान वगैरे काही नाही, किल्लीच हवी होती. कारण माझं काम घरी डायनिंग टेबलावर चाललं होतं आणि नवरा गेले वर्षभर ओट्यापाशी उभा राहून जेवत होता.

सभासद व्हायचं तर एका वर्षात एक इमारत स्वतः बांधायची. दुकानातला तयार संच चालत नाही. परीक्षा वर्षातून एकदाच, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी. परीक्षक तपासतात, मग मतदान. मतदानाची पद्धत अशी: पडद्याआड सात उघड्या डब्यांची एक मालगाडी उभी असते. एकेक सभासद आत जातो. उमेदवार पसंत असेल तर एका डब्यात कोळशाचे खडे भरतो, नसेल तर रिकामा सोडतो. मग गाडी बोगद्यातून बाहेर काढतात. एक रिकामा डबा माफ. दोन रिकामे असले तर उमेदवार नापास, आणि पुन्हा यायचं ते पुढच्या वर्षी.

मी स्टेशनच बांधायला घेतलं. लाइनीवरच्या मुख्य गावाच्या स्टेशनला इतक्या वर्षांत कोणी हात लावला नव्हता. तिथे नुसता एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला होता. खरं स्टेशन कधीच पाडलं गेलं आहे, आता तिथे पार्किंग लॉट आहे. पुरावा म्हणून होतं एक काळं-पांढरं पोस्टकार्ड आणि दोन नकाशे. खालचा मजला विटांचा, वरचा लाकडी चौकटींचा. वर स्टेशनमास्तर कुटुंबासह राहायचा, खाली तिकीटघर आणि दोन वेटिंग रूम, एक पैसेवाल्यांची, एक बाकीच्यांची. दारावर गिलाव्याचा पांढरा पट्टा. छपराला काळ्या दगडी पाट्या. त्या मी ऑफिसच्या जुन्या फायलींच्या प्लास्टिकच्या पुठ्ठ्यातून कापल्या आणि चिमट्याने एकेक करून चिकटवल्या. छपराला पूर्ण उन्हाळा गेला.

सगळ्यात अवघड काम शेवटचं. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं स्टेशन कधीच स्वच्छ नसतं. ते मळवावं लागतं. चार वीकएंड मी काळी-तपकिरी पूड ब्रशने विटांच्या फटीत भरत होते. शेवटी त्यावर एक पारदर्शक थर फवारायचा, म्हणजे मळ पक्का बसतो. तो थर मी शुक्रवारी संध्याकाळी देणार होते. परीक्षा शनिवारी होती.

बुधवारी खंडेनवमी होती.

सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, स्वच्छतेच्या बाबतीत निर्दय. बुधवारी मी ऑफिसातून आले तर डायनिंग टेबलावर लाल कापड अंथरलेलं, त्यावर माझे कटर, चिमटे, छोटं ड्रिल, लोखंडी पट्टी, नवऱ्याचा लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या चाव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकावर हळद-कुंकू आणि अक्षता. मध्यभागी स्टेशन. पैसेवाल्यांच्या वेटिंग रूममध्ये झेंडूचं फूल. आणि स्टेशन लखलखत होतं.

"आई," मी म्हटलं, "हे कोणी धुतलं?"

"कोणी म्हणजे? मीच. तुला कुठला वेळ! अगं, केवढी ती काजळी बसलेली! पूजेला असं ठेवायचं का? दोनदा पाणी बदललं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतलं टूथब्रशने काढलं."

"कुठल्या टूथब्रशने?"

"जुना होता. निळा."

निळा जुना नव्हता. नवऱ्याला मी हे आजवर सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

तो घरी आला, स्टेशनकडे बघून म्हणाला, "अरे वा, चमकतंय यार! नवं वाटतंय एकदम." मी त्याला ओट्यापाशी जेवायला पाठवलं.

मग मी आईंना समजावून सांगितलं. ती काजळी मी मुद्दाम लावली होती, चार वीकएंड खपून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मुद्दाम?"

"हो."

"मग तसं लिहून ठेवायचं. मला काय स्वप्न पडणार आहे?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या प्लांटमध्ये पाण्याच्या बाटलीवरसुद्धा लेबल असतं. घरी वर्षभर बांधलेल्या वस्तूवर मी एक चिठ्ठी लावली नव्हती.

पूड संपलेली होती. मागवली तर शनिवारी संध्याकाळी येणार होती. हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण आई म्हणाल्या, "काजळीच हवी ना? त्यात काय मोठंसं. एरंडेल आहे का घरात?"

एरंडेल होतं. देवघरातली समई होती. त्यांनी वात पेटवली, वर तांब्याचं ताम्हन पालथं धरलं, आणि तिसऱ्या मिनिटाला घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम केकाटायला लागले. आम्ही कारखाना गराजमध्ये हलवला. मी आग विझवायचा सिलिंडर घेऊन शेजारी उभी राहिले. गराजचं दार अर्धं उघडं होतं. शेजारचा माणूस कुत्र्याला फिरवत चालला होता, तो वाकून म्हणाला, "सगळं ठीक ना?"

"येस येस," आई म्हणाल्या, "मेकिंग काजल. आय मेकअप. फॉर रेल्वे स्टेशन."

तो माणूस त्यानंतर आम्हाला जरा लांबूनच हात करतो.

ताम्हनावर जमलेली काजळी मी खरवडून घेतली. मऊ, दाट, कुठल्याही विकतच्या पुडीहून काळी. गुरुवारी संध्याकाळी मी ब्रश घेऊन बसले आणि आधीसारखीच फासायला लागले, वरून खालपर्यंत. आई मागे उभ्या.

"असं नाही गं."

"म्हणजे?"

"सगळीकडे सारखी कशी बसेल? तू चुलीवर स्वयंपाक केला नाहीस म्हणून तुला माहीत नाही. धूर वर जातो. छपराखाली अडतो, खिडकीच्या वरच्या कडेला अडतो, तिथे काळं. खाली माणसांचे खांदे घासतात, हात लागतात, तिथे भिंत उजळ राहते. खांद्याच्या वर बघ, खांद्याच्या खाली बघ. फरक असणारच."

मी पोस्टकार्ड काढलं, भिंग लावलं. वर्षभर तेच पोस्टकार्ड मी बघत होते. वळचणीखाली भिंत काळीकुट्ट होती. दाराच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, ती स्पष्ट फिकट होती. म्हणजे धुतलं गेलं ते स्टेशन मुळातच चुकीचं मळवलेलं होतं. हे मी आईंना सांगितलं नाही. त्यांना ते दिसलं होतंच.

"वरचा कोपरा राहिला," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

शुक्रवारी काजळी अशी बसली होती की मी स्वतःवर खूश झाले. एकच गोष्ट जात नव्हती. दारावरच्या पांढऱ्या गिलाव्यावर आईंनी ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवली होती. प्लास्टर खरं होतं, ते कुंकू प्यायलं होतं. गुरुवारी रात्रीच मी वरून पांढरा रंग दिला होता. सकाळी गुलाबी पाच बोटं परत वर. पुन्हा रंग दिला. पुन्हा गुलाबी. पोस्टकार्डात तिथे काहीही नाही. वेल दाखवावी, जाहिरात चिकटवावी, असं नवऱ्याने सुचवलं. पण पुरावा कुठे होता? आणि परीक्षकांना खोटी वेल दाखवायची माझी हिंमत नव्हती, हे स्पष्ट सांगते.

मग मी जे ऑफिसात करते तेच केलं. काही चुकलं की आमच्याकडे त्याचा रिपोर्ट लिहितात: काय घडलं, मूळ कारण काय, काय उपाय केला. एका पानाचा रिपोर्ट टाइप केला. मूळ कारणाच्या रकान्यात 'सासू' असं लिहायचा मोह झाला होता. पण आमच्याकडे 'माणसाची चूक' हे मूळ कारण धरत नाहीत, आणखी खोल जावं लागतं. म्हणून लिहिलं: 'मळ मुद्दाम लावलेला आहे अशी सूचना बांधणाऱ्या व्यक्तीने वस्तूवर लावली नव्हती. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने सणाच्या प्रथेनुसार वस्तू धुतली व पूजली.' उपाय: 'डाग झाकण्याचे दोन प्रयत्न निष्फळ. डाग जसा आहे तसा सादर.'

शनिवारी आई म्हणाल्या, "मीपण येते. ज्याची मी पूजा केली त्याचं काय होतं ते मला बघायचंय." त्या सिल्कची साडी नेसल्या, त्यावर नवऱ्याचं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात नारळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा.

परीक्षकांनी स्टेशन पाऊण तास तपासलं. छपराच्या पाट्या मोजल्या. खिडक्यांना पट्टी लावली. वळचणीखाली मात्र ते थांबले आणि भिंग डोळ्यावर ओढलं.

"ही पूड कुठली?"

"पूड नाही. दिव्याची काजळी. एरंडेलाची."

"आणि ती कुठे लावायची हे कोणी सांगितलं?"

मी आईंकडे बोट दाखवलं. आई पुढे झाल्या. "युवर मदर कुक्ड ऑन कोल?"

"हो मॅडम. पेनसिल्व्हेनियात."

"देन यू नो."

"आय डू," परीक्षक म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग दारावरच्या पट्ट्यापाशी आले. "आणि हे पाच ठिपके?"

मी रिपोर्ट दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मागे कोणीतरी खुसखुसलं. ते हसले नाहीत. हा मनुष्य माझ्या ऑफिसात असता तर माझं अर्धं काम कमी झालं असतं.

"हे कुंकू कशासाठी?" त्यांनी आईंना विचारलं.

"फॉर गुड लक. नाऊ स्टेशन इज सेफ."

"मॅडम, स्टेशन पाडलं. कधीच. तिथे आता गाड्या पार्क करतात."

आईंनी मान हलवली. "सी? नोबडी डिड पूजा."

यावर ते हसले. अगदी थोडं, पण मी पाहिलं.

मतदानाच्या वेळी उमेदवाराने बाहेर थांबायचं असतं. मी जिन्यात उभी राहिले. वरून मराठी शाळेतल्या मुलांचा एकसुरी आवाज येत होता आणि पालकांपैकी कोणीतरी कोणालातरी टॅक्सबद्दल सांगत होतं. मी मनात हिशेब करत होते. एक रिकामा डबा परीक्षकांचा, तो नक्की. त्यांचा नियम मला माहीत होता. दुसरा कोणाचा असेल? खोलीत नेहमी शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका सभासदाला मी नकोच होते. बायकांना क्लबात घ्यावं का, यावर तो एकदा बराच वेळ बोलला होता.

मला आत बोलावलं. दिवे मंद केले. बोगद्यातून इंजिन बाहेर आलं.

पहिला डबा कोळशाने भरलेला. दुसरा भरलेला. तिसरा भरलेला.

"वन, टू, थ्री," आई मोठ्याने मोजत होत्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

चौथा रिकामा. पाचवा भरलेला. सहावा भरलेला. सातवा डबा बोगद्यातून आला आणि सगळे टेबलावर वाकले.

सातव्या डब्यात नारळाची वडी होती.

कोळशाचा एक खडा नाही. बरोबर डब्याच्या मापाची, पांढरी, वर पिस्त्याचा काप लावलेली वडी. तिच्या वजनाने गाडी वळणावर जरा कलली, पण पडली नाही.

"हे मत आहे?" कोणीतरी विचारलं.

"डब्यात कोळसा नाही. म्हणजे रिकामा," शेवटच्या बाकावरचा सभासद म्हणाला.

"रिकामा कसा? काहीतरी आहे ना त्यात."

सगळे परीक्षकांकडे वळले. त्यांनी कपाटातून क्लबाच्या नियमांची वही काढली, बोट ठेवून ओळ शोधली आणि वाचली. नियमात 'भरलेला डबा' एवढंच लिहिलेलं होतं. कशाने, ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी डबा रुळावरून उचलला, तळहातावर तोलला, वडी खरोखर काठापर्यंत पोचते का ते पट्टीने पाहिलं.

"डबा भरलेला आहे," ते म्हणाले. "चौथा माझा होता. डागाला पुरावा नाही. तो पट्टा वसंतापर्यंत बदलायचा." आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. अभिनंदन वगैरे काही नाही. टाळ्या बाकीच्यांनी वाजवल्या. शेवटच्या बाकावरच्याने वाजवल्या नाहीत. तो आपल्या हातातल्या वडीकडे बघत होता.

गाडीत बसल्यावर आई म्हणाल्या, "त्या उंच माणसाने बरोबर केलं. मीही रिकामाच सोडला असता. डाग तो डाग."

"हो," मी म्हटलं. पार्किंगमधून बाहेर पडताना मला एक गोष्ट आठवली. "आई, मी जिन्यात होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी? आतच की. वड्या वाटत होते."

"पडद्याच्या अलीकडे की पलीकडे?"

त्यांनी रिकामा डबा मांडीवर नीट ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. "किती मोठाले भोपळे ठेवलेत गं दारात लोकांनी. भाजी तरी करतात का नंतर?"

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्यांनी खरं उत्तर दिलं असतं, आणि मला किल्ली परत करावी लागली असती.